इमारत विकली, भाडेकरू राहिले

भाड्याने दिलेली इमारत विकली जाते तेव्हा एकाच खरेदीखताने तीन गोष्टींचा मालक बदलतो: जमिनीचा, तिच्यावरच्या बांधकामाचा आणि आत राहणाऱ्यांशी झालेल्या करारांचा. पहिल्या दोन गोष्टी डोळ्यांना दिसतात, फीत लावून मोजता येतात. तिसरी कागदावर असते, पुष्कळदा नुसत्या भाडेपावत्यांच्या गठ्ठ्यात. पण इमारतीची किंमत मुख्यतः तीच ठरवते. एकाच गल्लीतल्या, एकाच वयाच्या आणि एकाच मापाच्या दोन इमारतींपैकी एक रिकामी आणि दुसरी भरलेली असेल, तर त्यांच्या भावात काही पटींचा फरक पडू शकतो. हा फरक विटा-चुन्याचा नसतो. आत राहण्याचा हक्क कोणाचा आणि किती पक्का, याचा तो फरक असतो.

म्हणून मुंबई-पुण्यातल्या जुन्या घरमालकापुढे विक्रीच्या वेळी पहिला प्रश्न येतो तो भाडेकरूंचा. इमारत त्यांच्यासह विकावी, की आधी रिकामी करून घ्यावी? उत्तर मालकाच्या इच्छेवर थोडे आणि रहिवाशांच्या कायदेशीर स्थितीवर फार अवलंबून असते.

मालक बदलतो, भाडेहक्क तसाच राहतो

या व्यवहाराचा पाया १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे. त्याच्या १०९व्या कलमानुसार भाड्याने दिलेली मालमत्ता विकली की खरेदीदार जुन्या मालकाच्या जागी येतो. मालकाचे हक्क त्याला मिळतात आणि भाडेकरूने मागितल्यास मालकाच्या जबाबदाऱ्याही त्याच्यावर येतात. विक्रीने भाडेहक्क संपत नाही. विक्रीसाठी भाडेकरूची परवानगी लागत नाही, आणि विक्री झाली एवढ्या कारणाने त्याला घर सोडायला सांगताही येत नाही.

विक्रीची खबर मात्र भाडेकरूला मिळायला हवी. त्यासाठी जुना मालक प्रत्येक भाडेकरूला पत्र देतो: अमुक तारखेपासून इमारत अमुक व्यक्तीला विकली आहे, यापुढचे भाडे त्यांना द्यावे. वकिलांच्या भाषेत हे ‘अ‍ॅटर्नमेंट’चे पत्र. ते मिळण्यापूर्वी भाडेकरूने जुन्या मालकाला प्रामाणिकपणे भाडे दिले असेल, तर नवा मालक तेच भाडे पुन्हा मागू शकत नाही. विक्रीपूर्वीची थकबाकीही आपोआप खरेदीदाराची होत नाही; ती त्याला हवी असल्यास खरेदीखतात तसे स्पष्ट लिहावे लागते. अनामत रकमेचा हिशेबही त्याच वेळी मिटवावा लागतो. ती जुन्या मालकाने परत करायची, की किमतीतून वळती करून नव्या मालकाने आपल्यावर घ्यायची, हे लिहिले नाही तर पुढे भांडण ठरलेले.

भाडेकरूंसह विकलेल्या इमारतीचा कब्जा नावापुरता असतो. विक्रेता जिन्याची, गच्चीची आणि रिकाम्या खोल्यांची किल्ली देतो, पावतीपुस्तके आणि भाड्याची वही सोपवतो. बाकी घरे ज्याची त्याच्याकडेच राहतात. खरेदीदाराच्या हाती येतो तो भाडे घेण्याचा आणि कायद्याच्या मर्यादेत मालक म्हणून वागण्याचा हक्क.

राहणारे तीन प्रकारचे

‘भाड्याने राहतो’ या दोन शब्दांमागे महाराष्ट्रात निदान तीन वेगवेगळ्या स्थिती असतात.

पहिला प्रकार संरक्षित भाडेकरूचा. मुंबईतल्या चाळी आणि जुन्या इमारती, पुण्याच्या पेठांतले वाडे, जुन्या बाजारपेठांतली दुकाने इथे हा भाडेकरू भेटतो. त्याचे भाडे नाममात्र असते आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ त्याच्या पाठीशी असतो. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. म्हणून आजोबांच्या नावाची पावती नातवापर्यंत येते. अशा भाडेकरूंची इमारत घेणारा त्यांना पिढ्यांसाठी घेतो.

दुसरा प्रकार ‘लिव्ह अँड लायसन्स’चा, बहुधा अकरा महिन्यांच्या किंवा दोन-तीन वर्षांच्या कराराचा. आजच्या शहरांत नव्याने दिली जाणारी बहुतेक घरे याच प्रकारात मोडतात. कायद्याच्या दृष्टीने ही भाडेदारी नव्हे, वापराची परवानगी आहे. १८८२च्याच सुविधाधिकार कायद्याच्या ५९व्या कलमानुसार परवानगी देणाऱ्याने मालमत्ता विकली, तर खरेदीदार केवळ त्या परवानगीने बांधला जात नाही. मुदत संपल्यावर राहणाऱ्याने घर सोडले नाही तर १९९९च्या कायद्याच्या २४व्या कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि अडून बसलेल्याला त्या काळापुरती ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट रक्कम भरावी लागू शकते.

तिसरा प्रकार मोठ्या आस्थापनांचा. बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना १९९९च्या कायद्याने संरक्षणाबाहेर ठेवले. त्यांच्याशी नाते फक्त कराराचे आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे. तळमजल्यावर बँकेची शाखा आणि वर वीस कुटुंबे, अशा इमारतीत एकाच छताखाली दोन कायदे नांदत असतात. खरेदीदाराच्या लेखी ती एक शाखा कधीकधी वरच्या सगळ्या मजल्यांपेक्षा अधिक उत्पन्न देते.

पागडीचा इतिहास

संरक्षित भाडेकरू एका दिवसात घडला नाही. पहिल्या महायुद्धात मुंबईत घरांची टंचाई झाली आणि १९१८मध्ये भाड्यावर निर्बंध घालणारा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धाने ते निर्बंध पुन्हा आणले. स्वातंत्र्यानंतर १९४७चा मुंबई भाडे कायदा झाला आणि फेब्रुवारी १९४८पासून तो अमलात आला. त्याने १ सप्टेंबर १९४० या दिवशीचे भाडे हे ‘प्रमाण भाडे’ मानले. युद्धकाळापुरता वाटलेला हा बंदोबस्त मुदतवाढी घेत घेत अर्धशतक टिकला. रुपयाची किंमत उतरत गेली आणि भाडे जागच्या जागी राहिले.

गोठलेल्या भाड्याने बाजाराला दुसरी वाट काढायला लावली. ती वाट म्हणजे पागडी. नवा भाडेकरू आत येताना एकरकमी मोठी रक्कम देई. तिचा काही भाग सोडून जाणाऱ्या भाडेकरूला आणि काही भाग मालकाला मिळे. मग मालक ‘पावती नावावर करून’ देई. मालकाचा हिस्सा इमारतीगणिक बदले. रूढीने तो साधारण एक तृतीयांशाच्या आसपास धरला जाई. १९४७च्या कायद्याखाली अशी रक्कम घेणे हा गुन्हा होता, तरी व्यवहार सर्रास चालत. १९९९च्या कायद्याच्या ५६व्या कलमाने ही रक्कम घेण्याला मान्यता दिली आणि पागडी कागदावर आली. तोपर्यंत पागडीचा भाडेकरू हा निम्मा मालक झालेला होता: भाडे पावतीपुरते, पण खोलीची किंमत लाखांत.

त्याआधी १९४७च्या कायद्याच्या १९७३मधल्या दुरुस्तीने या संरक्षणात आणखी भर पडली होती. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांच्याकडे ‘लिव्ह अँड लायसन्स’ने चालू ताबा होता, ते भाडेकरू मानले गेले. परवानगीने आत आलेल्यांना रातोरात संरक्षण मिळाले. तेव्हापासून घर भाड्याने देण्याचीच धास्ती मालकांच्या मनात बसली.

डिसेंबर १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात गोठवलेल्या प्रमाण भाड्याची तरतूद आता अवाजवी आणि मनमानी झाल्याचे म्हटले. जुन्या कायद्याची मुदत लवकरच संपणार असल्याने न्यायालयाने तो तेव्हाच रद्द केला नाही. त्यानंतरचा १९९९चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ घेण्याची मुभा दिली. पण मूळ भाडेच दोन-तीन आकडी असेल, तर चार टक्क्यांनी चहाचा खर्चही निघत नाही. मालकाचा तोटा कायम राहिला आणि भाडेकरूचे संरक्षणही कायम राहिले.

किंमत कशी ठरते

उत्पन्न देणाऱ्या इमारतीची किंमत काढण्याची सर्वमान्य रीत सोपी आहे. वर्षाचे भाडे घ्यायचे, त्यातून कर, दुरुस्ती, विमा, देखभाल वजा करायची आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नावरून, खरेदीदाराला किती टक्के परतावा हवा त्या हिशेबाने, किंमत काढायची.

नमुन्यादाखल एक पुणेरी इमारत धरू. बारा फ्लॅट, प्रत्येकी महिना २५ हजार रुपये. वर्षाचे भाडे ३६ लाख होते. खर्चापोटी पाचवा हिस्सा काढला तर २८ लाख ८० हजार उरतात. खरेदीदार चार टक्क्यांवर समाधानी असेल, तर किंमत ७ कोटी २० लाख येते. इथे घरे भरलेली असणे हा गुण आहे. पहिल्या महिन्यापासून भाडे सुरू, जाहिरात नको, दलाली नको, आणि बँकेला दाखवायला चालू करार हाताशी. बाजारभावापेक्षा भाडे कमी असेल, तर करार संपल्यावर वाढवण्याची सोयही आहे.

आता मध्य मुंबईतली चाळ धरू. वीस खोल्या, प्रत्येकी महिना ४०० रुपये. वर्षाला ९६ हजार जमा. खर्च जाऊन ६० हजार उरले असे मानले आणि परतावा आठ टक्के धरला, तर किंमत निघते साडेसात लाख. एवढ्या पैशात त्या चाळीतली एक खोलीही पागडीने मिळणार नाही. म्हणजे भाड्यावरून काढलेली किंमत इथे निरर्थक ठरते. अशी इमारत कोणी भाड्यासाठी घेत नाही. ती घेतली जाते जमिनीसाठी, आणि किंमत ठरते पुढे काय बांधता येईल यावरून, भाडेकरूंना जे द्यावे लागेल ते वजा करून.

सरकारी मूल्यांकनालाही हे वास्तव मान्य आहे. मुद्रांक शुल्कासाठी वापरल्या जाणाऱ्या रेडी रेकनरमध्ये संरक्षित भाडेकरू असलेल्या मिळकतींसाठी स्वतंत्र सूचना असतात. त्यामुळे भाडेकरूंसह विकल्या जाणाऱ्या इमारतीचे मूल्य रिकाम्या इमारतीच्या दराने धरले जात नाही. ही सवलत घेण्यासाठी भाडेदारीचा पुरावा, म्हणजे जुन्या पावत्या, महापालिकेच्या कराच्या नोंदी, वीजबिले, दुय्यम निबंधकापुढे ठेवावा लागतो.

रिकामी करण्याचे मार्ग

‘लिव्ह अँड लायसन्स’च्या इमारतीत रिकामे करणे हा वेळापत्रकाचा प्रश्न असतो. करार संपत जातील तसे नवे करायचे नाहीत, किंवा करारात मुदतीआधी सूचना देण्याची अट असेल तर ती वापरायची. सगळे करार एकाच सुमारास संपतील अशी आखणी करणारा मालक वर्षभरात रिकामी इमारत बाजारात आणू शकतो. त्या काळातले बुडालेले भाडे हा त्याचा खर्च.

संरक्षित भाडेकरूंच्या बाबतीत मालकापुढे दोनच सरळ मार्ग आहेत. एक न्यायालयाचा, दुसरा समजुतीचा.

न्यायालयात जाण्याची कारणे १९९९च्या कायद्याच्या १५व्या आणि १६व्या कलमांत मोजून दिली आहेत. भाडे थकवले, परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवला, शेजाऱ्यांना उपद्रव केला, सबळ कारणाशिवाय सहा महिने घर वापरलेच नाही, मालकाला स्वतःसाठी जागेची खरी निकड आहे, अशी ती कारणे आहेत. ‘मला इमारत विकायची आहे’ हे कारण या यादीत नाही. थकबाकीच्या दाव्याआधीही नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते; समन्स मिळाल्यावर ९० दिवसांत भाडेकरूने थकलेली रक्कम १५ टक्के व्याजासह न्यायालयात भरली, तर घर वाचते. निकडीच्या दाव्यात कोणाची अडचण मोठी, मालकाची की भाडेकरूची, हे न्यायालय तोलून पाहते. शिवाय ही निकड मालकाची स्वतःची असते. दावा चालू असताना त्याने इमारत विकली, तर त्याची निकड खरेदीदाराच्या कामी येत नाही. मुंबईत हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. त्यानंतर अपील, मग उच्च न्यायालय, अशा पायऱ्या असल्याने एकेका खोलीचा निकाल लागायला वर्षानुवर्षे जातात. वीस खोल्यांचे वीस दावे लढून इमारत विकायची म्हटले, तर विकणारा मालक वेगळा आणि दावा लावणारा वेगळा, असे होते.

समजुतीचा मार्ग पैशाचा आहे. भाडेकरू ठरलेली रक्कम घेऊन भाडेहक्क सोडून देतो आणि तसा दस्त नोंदवला जातो. या रकमेचा आधार पागडीचा चालू भाव असतो. अनुभवाची गोष्ट अशी की पहिले काही भाडेकरू बेताच्या रकमेत तयार होतात आणि शेवटचे दोन-तीन मागतील ती किंमत घेतात. अर्धवट रिकाम्या इमारतीत त्यांचा होकार सर्वांत महाग झालेला असतो. म्हणून जाणते मालक सर्वांशी एकाच वेळी, एकाच सूत्राने बोलणी करतात आणि सगळे तयार झाल्यावरच पैसे सोडतात.

या दोन मार्गांखेरीज जी आडवाट वापरली जाते ती बेकायदा आहे. पाणी तोडणे, वीज बंद करणे हे भाडेकरूला हुसकावण्याचे उपाय कायद्याने गुन्हा ठरवले आहेत. इमारत पडू द्यावी म्हणजे भाडेकरूही जातील, हा हिशेबही चुकतो. सांगलीतल्या एका प्रकरणात महापालिकेने जीर्ण इमारत पाडल्यावर भाडेहक्क संपला का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २०१४च्या निकालात न्यायालयाने सांगितले की भाडेदारी केवळ बांधकामाची नसते, जमिनीचीही असते. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही.

भाडेकरू हेच भांडवल

मुंबई बेटावरच्या उपकरप्राप्त इमारतींत हा हिशेब उलटा होतो. १९६९च्या कायद्याने शहरातल्या जुन्या इमारतींकडून दुरुस्ती उपकर घेण्याची आणि त्या निधीतून त्यांची डागडुजी करण्याची योजना सुरू झाली. तेव्हा अशा इमारती १९,६४२ होत्या. त्यांपैकी १६,५०२ ‘अ’ वर्गातल्या, म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या होत्या. पुढे हे काम राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, म्हणजे म्हाडाच्या, इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे आले. दुरुस्त्या पुऱ्या पडेनात, तसा पुनर्विकासावर भर आला.

मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) या नियमाखाली उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासाला तीन इतका चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या तिप्पट बांधकाम, किंवा पुनर्वसनाला लागणारे क्षेत्र आणि त्यावर प्रोत्साहनपर जादा क्षेत्र, यांपैकी जे अधिक ते मिळते. बेटावरच्या साध्या भूखंडाला मूळ निर्देशांक मिळतो १.३३, त्यापुढचे क्षेत्र रस्त्याच्या रुंदीनुसार अधिमूल्य भरून किंवा विकास हक्क विकत घेऊन मिळवावे लागते.

सहाशे चौरस मीटरचा भूखंड धरला, तर तीनच्या निर्देशांकाने १,८०० चौरस मीटर बांधता येतात, १.३३ने जेमतेम ८००. चाळीत २४ भाडेकरू असतील आणि प्रत्येकाला नियमाप्रमाणे किमान ३०० चौरस फूट, म्हणजे २७.८८ चौरस मीटरचे घर द्यायचे असेल, तर त्यांच्यासाठी सुमारे ६७० चौरस मीटर कार्पेट क्षेत्र लागते. हे देऊनही विक्रीसाठी जे उरते ते रिकाम्या भूखंडावर मूळ निर्देशांकाने मिळणाऱ्या क्षेत्राहून जास्त भरू शकते. जिने, भिंती, मोकळ्या जागा यांचा नेमका हिशेब वास्तुविशारदानेच करायचा; पण कल कळायला हा ढोबळ आकडा पुरतो.

हे जादा क्षेत्र प्रमाणित रहिवाशांच्या पुनर्वसनाशी बांधलेले आहे. म्हणून अशा इमारतीतले भाडेकरू पैसे देऊन घालवणे म्हणजे दोनदा खर्च करणे ठरू शकते: एकदा त्यांना देऊन, दुसऱ्यांदा बांधकामाचा हक्क गमावून. याच कारणाने काही ठिकाणी खोल्यांना पडद्या घालून कागदावर भाडेकरू ‘वाढवण्याचे’ प्रकार झाले. त्यांना आळा घालण्यासाठी १३ जून १९९६ ही तारीख ठरवली गेली. त्यानंतर निर्माण केलेली भाडेदारी पुनर्वसनासाठी धरली जात नाही. रहिवाशांची यादी मंडळ प्रमाणित करते, आणि योजनेसाठी निदान ५१ टक्के रहिवाशांची लेखी संमती लागते. अशी इमारत विकताना मालकाच्या हातातला सर्वांत मोलाचा कागद हा प्रमाणित यादीचा आणि त्याखालोखाल संमतिपत्रांचा. संमती हातात असलेली इमारत आणि संमती मिळवायची असलेली इमारत, यांचे भाव वेगळे असतात.

धोकादायक इमारत मालकाने नुसती धरून बसू नये, अशीही तरतूद अलीकडे म्हाडा कायद्यात आली आहे. पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्याची पहिली संधी मालकाला सहा महिने, मग भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, आणि दोघांनीही काही केले नाही तर म्हाडा पुढे येते.

खरेदीदार भाडेकरूच असतील तर

भाडेकरूंनी भरलेल्या इमारतीचे नैसर्गिक गिऱ्हाईक कधीकधी आतच असते. महाराष्ट्रात भाडेकरूला खरेदीचा पहिला हक्क सर्वसाधारणपणे नाही. मालक इमारत कोणालाही विकू शकतो. पण भाडेकरूंनी सहकारी संस्था काढून इमारत विकत घ्यावी, यात दोघांचाही फायदा असू शकतो. बाहेरच्या खरेदीदाराला भाडेकरूंचा हक्क ओझे वाटतो. भाडेकरूंना तो आपलाच असतो. त्यामुळे ते बाहेरच्यापेक्षा चांगला भाव देऊ शकतात, आणि पुढे विकासक निवडण्याचा अधिकार त्यांच्याकडे येतो. अडचण असते पैसे जमवण्याची आणि एकमताची. दोन खोल्यांचा भाडेकरू आणि दुकानदार यांनी किती वाटा उचलायचा, इथे बोलणी अडतात.

कायद्याने हे सक्तीनेही घडवण्याचा प्रयत्न केला. १९८६मध्ये म्हाडा कायद्यात प्रकरण आठ-अ घातले गेले. ७० टक्के रहिवाशांच्या संस्थेने मागणी केल्यास महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट रक्कम मालकाला देऊन उपकरप्राप्त इमारत संपादित करण्याची त्यात सोय होती. वरच्या उदाहरणातल्या ४०० रुपयांच्या खोलीसाठी मालकाला मिळायचे ते ४० हजार. मुंबईतल्या मालमत्ताधारकांच्या संघटनेने याला आव्हान दिले. १९९२पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या या वादातला घटनात्मक प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे गेला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निर्णय आला की प्रत्येक खासगी मालमत्ता ही घटनेच्या ३९(ब) अनुच्छेदातली ‘समाजाची भौतिक साधने’ ठरत नाही. काही मालमत्ता मात्र तशी ठरू शकते. प्रकरण आठ-अ वैध की अवैध, याचा थेट निवाडा मात्र त्या निकालात नव्हता.

कागदांची तयारी

भाडेकरूंसह इमारत विकणाऱ्याने सर्वप्रथम भाडेकरूंचा तक्ता करावा. त्यात प्रत्येक खोलीचा क्रमांक, पावतीवरचे नाव, प्रत्यक्ष राहणाऱ्याचे नाव, क्षेत्रफळ, वापर, मासिक भाडे, शेवटचे भाडे कधी दिले, अनामत आणि चालू दावे एवढे रकाने असावेत. पावतीवरचे नाव आणि राहणाऱ्याचे नाव वेगळे असेल, तर ते लपवू नये. मालमत्तेतले महत्त्वाचे दोष आणि हक्कांतल्या अडचणी खरेदीदाराला सांगणे हे विक्रेत्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. हाच तक्ता पुढे खरेदीखताचे परिशिष्ट होतो.

खरेदीदाराच्या वकिलाचे काम मिळकत पत्रिकेपासून सुरू होते. गेल्या तीस वर्षांच्या नोंदींचा शोध, वृत्तपत्रांत जाहीर नोटीस, मालमत्ता कराच्या पावत्या, उपकराची थकबाकी, तीस वर्षांहून जुन्या इमारतीचा संरचनात्मक तपासणी अहवाल आणि महापालिकेच्या नोटिसा हे सारे तपासावे लागते. जमीन मालकीची की भाडेपट्ट्याची हेही पाहायला हवे. मुंबईत अनेक इमारती महापालिका, जिल्हाधिकारी किंवा बंदराच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभ्या आहेत आणि तिथे हस्तांतरणासाठी परवानगी लागते. मालक सार्वजनिक न्यास असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय विक्री होत नाही. न्यायालयात चालू असलेल्या दाव्यांची नोंदही शोधावी, कारण अशा वेळी घेतलेली मिळकत त्या दाव्याच्या निकालाला बांधली जाते.

कागद तपासून झाले तरी प्रत्यक्ष प्रत्येक दारी जाणे टळत नाही. भाडेकरूचे म्हणणे आणि मालकाचा तक्ता जुळतो का, हे विचारूनच कळते. भाडेकराराविषयी तर ही खबरदारी दुप्पट हवी. १९९९च्या कायद्याच्या ५५व्या कलमानुसार भाडेकरार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती त्याने पाळली नसेल, तर कराराच्या अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते.

मालकांपैकी कोणी परदेशात असेल तर आणखी दोन गोष्टी येतात. तिकडून पाठवलेले मुखत्यारपत्र रीतसर साक्षांकित असावे लागते आणि ते राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. शिवाय विक्रेता अनिवासी असेल, तर खरेदीदाराला कापावा लागणारा कर निवासी विक्रेत्याच्या एक टक्क्याहून बराच जास्त असतो.

कर

मुंबईत खरेदीखतावर मेट्रो अधिभारासह सहा टक्के मुद्रांक शुल्क पडते. विक्रेत्यावर भांडवली नफ्याचा कर येतो. इमारत दोन वर्षांहून अधिक काळ मालकीची असेल तर नफा दीर्घ मुदतीचा. २३ जुलै २०२४ पासून त्याचा दर साडेबारा टक्के असून महागाई निर्देशांकाचा लाभ त्यात नाही. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या मिळकतींसाठी निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना निर्देशांकासह २० टक्के हा जुना पर्यायही तुलनेसाठी ठेवला आहे. पिढीजात इमारतीची मूळ किंमत शोधण्याची गरज नसते. १ एप्रिल २००१ रोजीचे मूल्य धरता येते. तेव्हाही इमारत भाडेकरूंनी भरलेलीच होती, हे मूल्यांकन करणाऱ्याने विसरू नये.

व्यवहाराची किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर खरेदीदाराने एक टक्का कर कापून सरकारजमा करायचा असतो. मुद्रांकाचे मूल्य ठरलेल्या किमतीच्या ११० टक्क्यांहून अधिक असेल, तर आयकरासाठी मुद्रांकाचेच मूल्य विक्रीची किंमत मानले जाते. भाडेकरूंसह विकलेल्या स्वस्त इमारतीत हा धोका खरा असतो. मुद्रांकाच्या वेळी भाडेदारीचा पुरावा दिला नाही, तर विक्रेत्याला हाती न आलेल्या पैशावर कर भरावा लागतो. भाडेहक्क सोडणाऱ्या भाडेकरूलाही मिळालेल्या रकमेवर भांडवली नफ्याचा कर लागतो.

निवड

‘लिव्ह अँड लायसन्स’वर दिलेली नवी इमारत गुंतवणूकदाराला विकायची असेल, तर ती भरलेली विकणे चांगले, स्वतः राहणाऱ्याला किंवा पाडून बांधणाऱ्याला विकायची असेल, तर करार संपू देऊन रिकामी विकणे चांगले. पागडीची इमारत थोड्या भाडेकरूंची, उपकराबाहेरची आणि रुंद रस्त्यावरची असेल, तर समजुतीने रिकामी करण्याचा खर्च वसूल होऊ शकतो. बेटावरची उपकरप्राप्त इमारत मात्र भाडेकरूंसह, प्रमाणित यादी आणि संमतिपत्रे जोडून विकण्यातच बहुधा शहाणपण असते. निम्म्या खोल्या कुलूपबंद आणि निम्म्यांत दावे चालू, ही स्थिती सर्वांत वाईट. तिला उत्पन्नाची किंमत मिळत नाही आणि रिकामेपणाचीही नाही.

भाडेकरूच्या बाजूने करण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत. नव्या मालकाचे पत्र आणि खरेदीखताच्या नोंदीचा उतारा मागून घ्यावा, पहिल्या महिन्याचे भाडे वेळेवर द्यावे, आणि त्याच्या सहीची पावती जुन्या पावत्यांच्या गठ्ठ्यात वरती ठेवावी.